प्रभूची प्रार्थना आणि मुलांचे स्वतःचे शब्द : शब्बाथशाळेतील तेरा रविवारांच्या नोंदी

शनिवार, १ जुलै २०२३

उद्यापासून आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमध्ये दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना प्रार्थना शिकवण्याचा एक वेगळा उपक्रम सुरू होत आहे आणि त्याच्या नोंदी मी ठेवाव्यात, अशी आमच्या धर्मगुरूंची, म्हणजे पाळकसाहेबांची सूचना आहे. नेवासे तालुक्यातील आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, मूळची अमेरिकन मराठी मिशनची. या मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले आणि पुढे ते आसपासच्या खेड्यांत पसरले. १९७० पासून आम्ही उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये आहोत. सध्या पटावर सहा ते बारा वयाची एकोणीस मुले आहेत. बहुतेकांच्या घरी पाच-सात एकर किंवा त्याहून कमी जमीन आहे, काहींचे आईवडील दुसऱ्याच्या शेतावर जातात आणि दोघांच्या घरी किराणा दुकान आहे.

हेतू दोन आहेत. सप्टेंबरअखेर प्रत्येक मुलाला प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने आपल्या शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, शब्दन् शब्द अर्थासह यावी, आणि प्रत्येकाला स्वतःच्या मनातले तीन-चार वाक्यांत देवासमोर मांडता यावे. यांतील पहिला हेतू नवा नाही. दुसरा मात्र आम्ही आजवर गृहीत धरला, शिकवला कधीच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि शब्बाथशाळेत बावीस वर्षे. तरीही एखाद्या मुलाने आपल्या शब्दांत देवाशी बोलावे यासाठी मी मुद्दाम काही केल्याचे मला आठवत नाही.

साहित्यात प्रत्येकी एक चाळीस पानी वही, एक पेन्सिल आणि फळा एवढेच आहे.

रविवार, २ जुलै

आज काहीच शिकवले नाही, फक्त ऐकले. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. एकोणीसपैकी चौदा जणांना ती शेवटपर्यंत आली, पण तिचा वेग असा होता की ‘तुझे राज्य येवो’ आणि ‘जसे स्वर्गात’ यांच्यामध्ये श्वासालाही जागा उरत नव्हती. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीतील ‘ऋण्यांस’ हा शब्द नीट उच्चारणारी फक्त तीन मुले निघाली. बाकीच्यांनी ‘रुण्यास’, ‘पुण्यास’ असे जे जवळचे वाटले ते म्हटले. दुसरीतील एका मुलाने ‘आपल्या पुण्यास ऋण सोडले आहे’ असे अगदी मन लावून म्हटले, कारण त्याचे काका पुण्यास राहतात आणि त्यांचे नाव दर रविवारी चर्चमध्ये का घेतात हे त्याला कधी कोणी सांगितले नव्हते.

नंतर मी प्रत्येकाला म्हटले, आता तुझी स्वतःची प्रार्थना कर. जवळजवळ सर्वांनी मोठ्या माणसांची प्रार्थना केली. ‘हे दयाळू, कनवाळू, सर्वसमर्थ प्रभू, आम्ही अपात्र असतानाही तू आम्हांला या पवित्र मंदिरात आणलेस’ अशी सुरुवात आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकताना मला आमच्या चर्चच्या पंचांपैकी एकाचा आवाज ऐकू येत होता. मुले ऐकूनच शिकतात, तेव्हा यात त्यांची काही चूक नाही. पण या लांबलचक वाक्यांत त्या मुलीचा एकही शब्द नव्हता.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ताईंचे मत असे पडले की पाठांतर बाजूला ठेवून केवळ मुक्त प्रार्थना शिकवावी. ते मला पटले नाही. १५४२ साली गोव्यात उतरलेले ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना पाठ करवून घेत. ती पद्धत पुढे शतकानुशतके टिकली याला कारण आहे. माझ्या आईला अखेरच्या वर्षात आमची नावेही आठवत नव्हती, पण मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे सुरू केले की ती ‘आमेन’पर्यंत माझ्याबरोबर येत असे. मुखोद्गत शब्द माणसाला असे शेवटपर्यंत साथ देतात, मग ते मुलांना का द्यायचे नाहीत? आमचे एकमत एवढ्यावर झाले की पाठ केलेली प्रार्थना हे घर समजावे, आणि त्या घरात मुलांनी आपले सामान घेऊन राहायला यावे.

रविवार, ९ जुलै

पहिलाच शब्द घेतला, ‘पित्या’. पाचवीतील एका मुलाने सांगितले की त्याला हे ‘गण्या’, ‘बाळ्या’ यांसारखे हाकेचे नाव वाटत असे. ‘पिता’ या शब्दाचे संबोधन ‘पित्या’ होते, जसे ‘मुलगा’चे ‘मुला’ होते, हे फळ्यावर लिहून दाखवल्यावर वर्गाला अर्थ लागला. येशू ज्या भाषेत बोलत असे त्या अरामी भाषेतील ‘अब्बा’ हा शब्दही सांगितला. तो घरातला शब्द आहे, त्या भाषेतील मुलेही आपल्या वडिलांना तीच हाक मारीत.

मग एका मुलीने जो प्रश्न विचारला तो मी बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, “बाई, पप्पांना आम्ही तुम्ही म्हणतो, पाळकसाहेबांना तुम्ही म्हणतो, मग देवाला तू कसं म्हणायचं?” मी हात वर करायला सांगितले. अकरा मुले वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, आठ मुले ‘तू’ म्हणतात; आईला मात्र एकोणीसही जण ‘तू’ म्हणतात. त्यावरून उत्तर सोपे झाले. मराठीत ज्याच्याशी अंतर राखायचे त्याला आपण ‘तुम्ही’ म्हणतो, आणि ज्याच्या कुशीत शिरायचे त्याला ‘तू’. वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतात आणि आपल्या पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, देवाला ‘तू’च म्हटले आहे. देव लहान आहे म्हणून आपण त्याला ‘तू’ म्हणत नाही, तो जवळ आहे म्हणून म्हणतो. हे सांगताना मला जाणवले की ही गोष्ट समजावून सांगायला आपली भाषा किती सोयीची आहे. ज्या भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेदच उरलेला नाही, तिथल्या शिक्षकाच्या हाती हा धागा लागणार नाही.

वर्ग सुटल्यावर चौथीतील एक मुलगी चपला घालत मागे रेंगाळली. तिच्या वडिलांचे पिणे गावाला माहीत आहे. तिने खाली बघत विचारले, “देव पण रात्री ओरडतो का?” मी तिथेच पायरीवर बसले. तिच्या वडिलांविषयी एक शब्दही न बोलता मी तिला पवित्र शास्त्रातील यशया या पुस्तकाच्या सहासष्टाव्या अध्यायातील वचन सांगितले, ज्यात आई जसे आपल्या लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन असे देव म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भजनांतून ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, तेही सांगितले. तिने विचारले, “मग मी माउली म्हटलं तर चालेल?” मी हो म्हटले. पुढच्या वेळी ‘पित्या’ हा शब्द शिकवण्याआधी वर्गात कोण बसले आहे याचा मी आधी विचार करीन.

रविवार, १६ जुलै

खुरपणीची घाई असल्यामुळे केवळ सात मुले आली. हात जोडणे, डोळे मिटणे, गुडघे टेकणे हे कशासाठी, एवढेच बोललो. डोळे उघडे राहिले तर देव ऐकत नाही, असे तिघांना वाटत होते. डोळे मिटणे हे लक्ष विचलित होऊ नये म्हणून आहे, त्यापलीकडे त्याची अट नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, पण एकाच खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलाला दार कोणते लावायचे हा खरा प्रश्न पडतो. एका मुलाने सांगितले की तो शेळ्या चारताना बाभळीखाली बसतो, तिथे कोणी येत नाही. त्याची खोली ती.

रविवार, २३ जुलै

आजचा विषय ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हा होता. मराठी शास्त्रात इथे ‘भाकर’ हा शब्द आहे, याचे मला नेहमीच समाधान वाटत आले आहे. भाकर म्हणजे काय हे आमच्या मुलांना चित्र काढून दाखवावे लागत नाही. ताईंनी घरून बाजरीचे पीठ, परात, तवा आणि गॅसची छोटी शेगडी आणली होती. परातीत पिठाचा गोळा मळून, हाताने थापून, तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवेपर्यंत सगळी मुले गुडघ्यांवर बसून बघत होती. भाकरी फुगली तेव्हा पहिलीतील मुलाने टाळी वाजवली. एकच भाकरी केली आणि ती एकोणीस जणांत वाटायची ठरली. प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर तुकडा आला.

त्यानंतर फळ्यावर प्रार्थना लिहून ‘मी’, ‘माझे’, ‘मला’ हे शब्द शोधायला सांगितले. मुले बराच वेळ शोधत राहिली आणि एकही सापडला नाही. मग ‘आम्ही’, ‘आमची’, ‘आम्हांस’ हे शब्द मोजायला सांगितले, ते आठ निघाले. मला यापेक्षा अधिक काही समजावून सांगावे लागले नाही. सातवीतील मुलगी आपणहून म्हणाली की शाळेत परिपाठाला पसायदान म्हणतात, त्यातही ‘जो जे वांछील तो ते लाहो’ असे सगळ्यांसाठीच मागितले आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्याच तालुक्यात आम्ही बसलो होतो, तेव्हा हे साम्य मुलीच्या लक्षात यावे यात नवल नाही. मी तिला ते वहीत लिहून ठेवायला सांगितले. शाळेत ऐकलेले चांगले शब्द चर्चच्या दाराबाहेर काढून ठेवावेत, अशी शिकवण मी मुलांना देणार नाही.

वहीतील पहिला गृहपाठ दिला : आपल्या घरातल्या नव्हे, अशा एका माणसासाठी एक वाक्य.

रविवार, ३० जुलै

गृहपाठातील वाक्ये वाचली. ‘आमच्या शेजारच्या म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे.’ ‘एसटीच्या ड्रायव्हरला झोप येऊ देऊ नको.’ ‘उसतोडीला जाणाऱ्या माझ्या मित्राला तिकडे शाळा मिळू दे.’ हीच मुले चार आठवड्यांपूर्वी ‘दयाळू, कनवाळू’ म्हणत होती.

आजचा शब्द सर्वांत अवघड होता. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ‘ऋण’ मुलांच्या बोलण्यात नाही, पण ‘कर्ज’ आणि ‘उधारी’ त्यांच्या घरात आहे. सोसायटीचे कर्ज, बचतगटाचा हप्ता, दुकानातली उधारी हे शब्द मोठी माणसे दबक्या आवाजात बोलतात आणि मुले ते ऐकतात. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांतील एका मुलाला मी आधीच विनंती केली होती, त्याप्रमाणे त्याने वडिलांच्या परवानगीने एक जुनी, संपलेली उधारीची वही आणली. मी नावे झाकून एक पान दाखवले. ‘साखर १ किलो, चहापत्ती, काडीपेटी’ असे रकाने होते, पुढे आकडे होते आणि काही ओळींवर आडवी रेघ मारलेली होती. मी विचारले, ही रेघ कधी मारतात? पैसे दिले की मारतात, असे सगळे म्हणाले. मग मी विचारले, पैसे दिले नाहीत आणि तरीही दुकानदाराने रेघ मारली तर? वर्ग शांत झाला. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, “तसं एकदा झालं होतं. एका बाईंचा नवरा वारला तेव्हा दादांनी त्यांचं अख्खं पान कापलं.” कापलं म्हणजे फाडले नाही, रेघ मारली, हेही त्याने स्पष्ट केले. मग त्याने विचारले की देवही असेच करतो का. मी म्हटले, हो, देव असेच करतो, आणि त्याने आपले पान कापल्यावर आपणही कोणाचे तरी पान कापावे, एवढेच या ओळीत आहे.

क्षमेविषयी मी आजवर दिलेले सगळे धडे या एका वहीपुढे फिके पडले. लूकच्या शुभवर्तमानात याच ठिकाणी पापांचा उल्लेख येतो, तो पाठही वाचून दाखवला, म्हणजे ऋण हा पैशाचाच प्रश्न आहे असा समज होऊ नये.

सोप्या शब्दांचा आग्रह काही नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते थोडे शिकलेल्या बायकांनाही कळावे अशा मराठीत; १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्याआधी ते काम त्यांनी पुरे केले. संस्कृतची एवढी मोठी विदुषी सोप्या शब्दासाठी झटत राहिली, हे आठवले की अवघड शब्द तसाच सोडून पुढे जायला मन धजावत नाही.

रविवार, ६ ऑगस्ट

आज माझ्या हातून चूक झाली आणि ती जशी झाली तशी लिहिणे आवश्यक आहे.

शेवटी प्रत्येकाने मोठ्याने एक वाक्य प्रार्थना करायची होती. शेळ्या चारणारा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “देवा, आमची काळी शेळी मेली, तिला तुझ्याकडे नीट ठेव.” दोघे-तिघे हसले आणि मी, वर्ग आवरण्याच्या भरात, म्हणाले की जनावरांसाठी अशी प्रार्थना करायची नसते, दुसरे काहीतरी माग. तो खाली बसला. त्याने दुसरे काहीच मागितले नाही. ‘आमेन’ म्हणतानाही त्याचे ओठ हलले नाहीत.

घरी आल्यावर माझे जेवणात लक्ष लागेना. पाच आठवडे मी ज्या गोष्टीसाठी धडपडत होते ती त्या मुलाने केली होती, आणि मीच त्याचे तोंड बंद केले. जनावरांविषयी शास्त्र काय म्हणते हा वेगळा प्रश्न आहे. त्या क्षणी तो मुलगा धर्मशास्त्राचे उत्तर देत नव्हता, आपले दुःख सांगत होता.

गुरुवार, १० ऑगस्ट

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजी अंगणात तांदूळ निवडत बसली होती, मुलगा गोठ्यात होता. आजीने सांगितले की ती शेळी त्यानेच बाटलीने दूध पाजून वाढवली होती. मी गोठ्यात जाऊन त्याला म्हटले, “माझं चुकलं. तू जे मागितलंस ते बरोबर होतं.” तो काही बोलला नाही. त्याने दोन करडांकडे बोट दाखवून एवढेच सांगितले की ही तिचीच आहेत.

निघताना दिवेलागणीची वेळ झाली. आजीने घरातल्या सगळ्यांना बोलावले आणि पवित्र शास्त्रातील स्तोत्र २३ म्हटले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही ओळ मी हजार वेळा म्हटली असेन. गोठ्याच्या वासात, करडांच्या आवाजात ती ऐकली तेव्हा या ओळीला तिचे मूळ ठिकाण मिळाल्यासारखे वाटले. या घरातल्या मुलाला प्रार्थना मी शिकवण्याआधीच येत होती. शब्बाथशाळेतील पाऊण तासापेक्षा रोजच्या दिवेलागणीच्या पाच मिनिटांचे वजन अधिक आहे, हे मी पालकांच्या सभेत सांगणार आहे.

रविवार, १३ ऑगस्ट

मुलांनी विषय आपणच ठरवून आणला होता : पाऊस. जुलैच्या अखेरीस आलेला पाऊस नंतर गेला तो परत फिरकलाच नाही. सोयाबीनची पाने दुपारी माना टाकतात, बाजरी वीतभरावरच थांबली आहे. सर्वांनी उभे राहून एकेक वाक्य प्रार्थना केली. शेळ्यांचा मुलगा आला होता, पण त्याने मान हलवून नाही म्हटले आणि मी आग्रह केला नाही.

रविवार, २७ ऑगस्ट

मागच्या रविवारीही मुलांनी पावसासाठी प्रार्थना केली. आज तिसरा रविवार आहे आणि आकाश कोरडेच आहे. प्रार्थना सुरू करण्याआधीच सहावीतील मुलगा उभा राहिला. “बाई, आपण नीट करत नाही का? काही शब्द चुकतात का?” त्याच्यामागून दुसरा म्हणाला की आपला विश्वास कमी पडतो, असे त्याला घरी कोणीतरी सांगितले आहे.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होते आणि तरीही मी गोंधळले. वर्षानुवर्षे अशा वेळी जी उत्तरे दिली जातात ती मला ठाऊक आहेत. विश्वास कमी आहे, हे उत्तर मी कोणत्याही मुलाला देणार नाही; जी मुले तीन रविवार उभे राहून पाऊस मागत आहेत त्यांना त्यांच्याच विश्वासाबद्दल दोषी ठरवणे हे क्रूरपणाचे आहे. प्रार्थना म्हणजे अचूक शब्द उच्चारले की उघडणारे कुलूप नाही, आणि एखादा शब्द चुकला म्हणून देव पाऊस अडवून धरीत नाही, एवढे मी प्रथम ठामपणे सांगितले.

पाऊस का नाही, या प्रश्नाला मला जे खरे वाटते तेच मी सांगितले : मला माहीत नाही. शिक्षकाने ‘माहीत नाही’ म्हणावे याचे मुलांना आश्चर्य वाटले, पण त्यानंतर ती अधिक लक्ष देऊन ऐकू लागली. मग येशूला पकडले त्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली गोष्ट काढली. येशूने आपल्यापुढचा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केली, आणि तो प्याला टळला नाही. येशूचे शब्द चुकले होते का? त्याचा विश्वास कमी होता का? मुलांनी स्वतःच नाही म्हटले. आपण प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो तेच त्या रात्री त्यानेही म्हटले, आणि त्याला ते म्हणणे सोपे गेले नाही, त्याला घाम फुटला, हेही मी सांगितले. आजवर ही ओळ आम्ही फार सहजपणे म्हणत आलो.

त्यानंतर स्तोत्र १३ उघडले. त्यात भक्त देवाला विचारतो की तू मला कोठवर विसरणार. देवाला असे विचारता येते, हे मुलांना नवे होते. “म्हणजे देवावर रागावलं तरी चालतं?” एका मुलीने विचारले. मी म्हटले, रागावून त्याच्याशीच बोललो तर ती प्रार्थनाच आहे; शास्त्रातच ती लिहून ठेवली आहे. मग वह्यांत प्रत्येकाने तक्रार लिहिली. त्यांतील एकच इथे उतरवते : ‘देवा माझे दादा रोज मोटर चालू करून बघतात आणि बंद करतात. विहिरीत पाणी नाही हे तुला दिसतं ना. तू कधी देणार ते सांग.’

ताईंना वाटले की तक्रारी लिहायला लावणे लहान मुलांसाठी जड आहे. मला तसे वाटत नाही. ही मुले मोटर बंद होताना रोज ऐकतात. आम्ही त्यावर बोललो नाही तर ती एवढेच शिकतील की घरातली खरी काळजी चर्चमध्ये आणायची नसते.

रविवार, ३ सप्टेंबर

देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील हा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, असे हवामान खात्याने जाहीर केल्याचे पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितले. आपल्याच गावावर कोप झाला आहे असे समजणाऱ्या मुलांना ही माहिती उपयोगी पडली.

‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ ही ओळ घेतली. बाराजणांना ती शाळेच्या परीक्षेविषयी वाटत होती आणि घटक चाचणीच्या आदल्या रात्री ती विशेष जोराने म्हणतो, असे एकाने सांगितले. इथे परीक्षा म्हणजे मन वाइटाकडे ओढले जाते तो प्रसंग, हे दोन-तीन उदाहरणांनी लगेच कळले.

रविवार, १७ सप्टेंबर

मागच्या रविवारी वर्ग अर्धा रिकामा होता. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला येशूची आई मारिया हिच्या जन्मदिनाच्या सुमारास तिची, म्हणजे मतमाउलीची यात्रा भरते, तिला मुले आजोळच्या माणसांबरोबर गेली होती. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची आई कॅथलिक आहे. ती जपमाळ घेऊन आली आणि सर्वांना दाखवू लागली. मी तिलाच ती कशी म्हणतात ते सांगायला सांगितले. एकेका मण्यावर ‘नमो मरिया’, आणि मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. मग एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली : आम्ही सगळे एकत्र प्रार्थना म्हणत असताना ती ‘वाइटापासून सोडव’ इथे ‘आमेन’ म्हणून थांबते आणि बाकीचे ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ असे पुढे जातात. आजवर ती गप्प राहून खाली बघत असे. मी मत्तयाचा सहावा अध्याय उघडून ते शेवटचे वाक्य कंसात छापले आहे ते दाखवले. फार जुन्या हस्तलिखितांत ते आढळत नाही, पण मंडळीच्या उपासनेत ते प्राचीन काळापासून म्हटले जाते. दोन्ही बरोबर. यापुढे तिथे आम्ही सगळेच एक श्वासभर थांबणार आहोत, तिला ‘आमेन’ म्हणायला वेळ मिळावा म्हणून. ही सूचना तिसरीतील मुलाची.

‘आमेन’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘खरोखर, असेच असो’ असा आहे, हेही आजच सांगून टाकले.

रविवार, २४ सप्टेंबर

मधल्या दोन आठवड्यांत थोड्या सरी झाल्या. बाजरीला त्यांचा उपयोग झाला, सोयाबीन बऱ्याच अंशी गेले. पाऊस आमच्या प्रार्थनेमुळे आला, असे मी मुलांना सांगितले नाही. त्यांनी उपकार मानले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर मानले.

आज उपासनेतील प्रार्थना मुलांनी चालवल्या. प्रभूची प्रार्थना त्यांनी इतक्या सावकाश म्हटली की मंडळी त्यांच्या पुढे धावली आणि मग थांबून मागे आली. एकोणीसपैकी सतरा जणांना ती अर्थासह येते. दोन लहान मुले अजून ‘ऋण्यांस’ला अडखळतात, त्यांच्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा बसावे लागेल. स्वतःची प्रार्थना सोळा जणांनी मोठ्याने केली. माउली म्हणणाऱ्या मुलीने माउलीच म्हटले आणि कोणी तिला टोकले नाही. मी पंचांना तशी विनंती आधीच करून ठेवली होती.

शेळ्यांचा मुलगा रांगेत सर्वांत शेवटी होता. त्याची पाळी आली तेव्हा मी मान खाली घातली, म्हणजे मी बघते आहे असे त्याला वाटू नये. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “देवा, करडं मोठी झाली. आजीचे पाय दुखतात. आणि त्या काळीचं तुला सांगितलंय.”

पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळी मंडळी.

वह्या मुलांकडेच ठेवल्या आहेत. पुढच्या गटासाठी वीस वह्या आणायच्या आहेत, आणि त्या वेळी ‘पित्या’ शिकवण्याआधी यशयाचे वचन घ्यायचे आहे.